उजव्याचं डावं

सहीच्या जागी पेन टेकवायचं सोडून ती फाइल वाचत बसली. संमतिपत्रात ‘शस्त्रक्रीया’ छापलं होतं. त्यातली ‘क्री’ तिने आधी ऱ्हस्व केली, मग दोन अनुस्वार दिले. तान्ह्याला खांद्यावर घेऊन शेजारी उभा असलेला नवरा ओशाळला.

“अगं, हे प्रूफ नाहीये. सही कर आणि मोकळी हो.”

प्रुफं वाचणं हे तिचं चौदा वर्षांचं काम. डोळ्यांची खोड जाता जात नव्हती. बाळ दोन महिन्यांचं असताना तिच्या उजव्या स्तनात गाठ आली, पू झाला. त्याला आता सात महिने झाले. पू तपासला, रिपोर्ट आला, त्यानुसार औषधं सुरू झाली. तीनदा बदलली. दोनदा छेद देऊन झाला. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा ठणका. माझं वयही छत्तीस आणि औषधांशी आकडाही छत्तीसचा, असं ती हसत सांगायची. उजवा हात वर होईना, तेव्हा डाव्या हाताने खुणा करायला शिकली. मांडीवर बाळ, समोर प्रुफं, अशा थाटात तिने अख्खा शब्दकोश तपासून दिला, तोही वेळेत. अशा बाईपुढे हात जोडावेत, दुसरं काय!

आता मात्र डॉक्टरच टेकीला आले होते. उद्या त्या स्तनाचा निम्मा भाग काढून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. सही तेवढी बाकी होती.

पानं उलटत ती मागे मागे गेली आणि पू तपासल्याच्या जुन्या रिपोर्टवर थांबली.

“डॉक्टर, इथे माझं वय त्रेसष्ट लिहिलंय.”

“आकडे उलटे पडले असतील. टायपिंगची चूक.” डॉक्टरांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“मलाही आधी तसंच वाटलं. पण खाली ‘डावा स्तन’ लिहिलंय. छत्तीसचे त्रेसष्ट झाले, तर ती घाईची चूक. उजव्याचं डावंही झालं, म्हणजे ती दुसरी बाई.”

डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली. चष्मा लावला. नाव तेच, आडनाव तेच. नमुन्याचा क्रमांक मात्र पहिल्या पानावरच्या क्रमांकाशी जुळेना. त्यांचा चेहरा उतरला. सात महिने ते भलत्याच बाईच्या रिपोर्टवरून हिला औषधं देत होते.

“म्हणजे उद्या तुम्ही हिचा...” नवऱ्याचा आवाज चढला. त्या आवाजाने बाळ रडायला लागलं.

“उद्याचं ऑपरेशन रद्द,” डॉक्टर म्हणाले. “चुकलं माझं, ताई. पू आजच नव्याने तपासू. आणि तुमचा खरा रिपोर्ट कुठे गेला, ते आत्ताच्या आत्ता लॅबला शोधायला लावतो.” त्यांनी घाईघाईने फोन उचलला.

तिचे डोळे भरून आले होते. तरी तिने हात पुढे करून त्यांना थांबवलं.

“माझा रिपोर्ट नंतर. आधी त्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईंना शोधा. माझा रिपोर्ट बघून कुणीतरी त्यांना औषधं देतंय.”