गोजरकाकीचं सोमवारचं मौन

सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन पाळायचं, हे गोजरकाकीचं जुनं व्रत. लशीच्या पहिल्या डोसनंतर काकीला ताप आल्याचं वाशिंदला राहणाऱ्या पुतण्याने ऐकलं होतं. दुसऱ्या डोसचा दिवस नेमका सोमवार. त्याचे फोन तिने उचलले नाहीत आणि तासाभरात गावच्या ग्रुपवर त्याने टाकलेला तिचा आधारकार्डावरचा फोटो हारासकट फिरला: "लशीने काकी गेली." "आई, शाळेतली लशीची रांग मोडली. एकदाच बोला ना!" सून रडकुंडीला आली. काकी देव्हाऱ्याला हात जोडून, पूजेची घंटा वाजवत भरदुपारी शाळेकडे निघाली. पांगलेली माणसं मागे फिरली. काकीने नर्ससमोर बसून दुसऱ्या डोससाठी दंड पुढे केला. "मेलेली बाई दुसरी सुई घेते आन आपून जिवंत माणसं पळतो काय रे?" मागे फिरलेल्यांतली ठकूआजी खेकसली. हसतहसत रांग पुन्हा लागली. दिवेलागणीला पुतण्या धापा टाकत आला. तुळशीपाशी दिवा ठेवून काकी बोलली, "फोटो तरी बरा निवडायचास रे!"