आटपाडीचं घड्याळ

घड्याळ हातात येताच धैर्यशीलनं आधी मागचं झाकण पाहिलं, मग दोन्ही बटणं हळूच दाबली. मधला काटा निघाला, थांबला, परत बारावर येऊन बसला. साठ वर्षांपूर्वीचं, स्टॉपवॉच असलेलं क्रोनोग्राफ. मूळ काटे, मूळ डायल, एकदाही पॉलिश नाही.

"गाझाला हुतो शांतिसेनेत, तवा घेतलं," आकाराम आबा म्हणाले. आटपाडीतल्या त्यांच्या ओसरीवर दोघंच होते. "तुमी जुनी घड्याळं जमवता म्हनून पोरांनी तुमचा नंबर काढून दिला. पेन्शन हाय, पैशाचं न्हाई मला. खरं मोल तेवढं ऐकायचं हाय."

धैर्यशीलनं फोन काढला. ऑनलाइन मागितलेल्या किमतींना तो भुलत नसे. मनात येईल तो आकडा कुणीही टाकतं. तो विकल्या गेलेल्या घड्याळांची यादी बघायचा. याच बनावटीचं, याहून घासलेलं एक, गेल्या महिन्यात तीन लाख चाळीस हजारांना गेलं होतं.

तेवढ्यात साताऱ्याहून बायकोचा, मंगलचा फोन आला.

"सांगलीकरांचा अजून निरोप नाही हो. चौकशी करून कळवतो म्हणाले, त्याला आठवडा झाला."

"कळवतील," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यांची एकुलती एक लेक संयोगिता, आणि पहिल्यांदाच तिला एखादं स्थळ मनापासून आवडलं होतं. जयराज मुलगा होताही तसाच. बघायला आला तेव्हा पोहे गार होईस्तोवर धैर्यशीलच्या घड्याळांच्या कपाटापुढं उभा होता.

"घरनं हुता व्हय फोन?" आबांनी विचारलं.

"हो. मुलीच्या लग्नाचं चाललंय."

"बरं. मग काय मोल म्हनायचं ह्येचं?"

"आबा, हल्ली अशा घड्याळांना कोण विचारतंय? सुटे भागसुद्धा मिळत नाहीत. सहा हजार देतो."

"नीट बघून सांगताय न्हवं?"

"नीट बघितलं."

"तुमी म्हनताय तर तसं."

आबांनी पैसे न मोजता खिशात घातले आणि त्याला आग्रहानं चहा पाजला.

चार दिवस ते घड्याळ कपाटात गेलंच नाही. टेबलाच्या खणात, बिलांच्या खाली पडून राहिलं. "पप्पा, नवीन आणलंत ना? दाखवा की," संयोगिता म्हणाली, तर सौदा जमला नाही असं त्यानं सांगितलं. लेकीशी तो कधी खोटं बोलला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुणापाशी बोलून दाखवायचीही लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि गाडी काढली. जायचं, खरा आकडा सांगायचा, घड्याळ आबांपुढं ठेवायचं आणि ते बोलतील ते खाली मान घालून ऐकायचं. कोरेगाव मागं पडलं तसं त्याला जरा मोकळं वाटू लागलं.

आटपाडीची पाटी दिसली तेव्हा मंगलचा फोन आला. ती रडत होती.

"सांगलीकर नको म्हणाले हो. चौकशी जयराजच्या आजोबांनी केली म्हणे. त्याच्या आईचे वडील, मिलिटरीतले, आटपाडीचे. तुमच्यासाठी निरोप दिलाय त्यांनी, मला तर काही उमजेना. म्हणाले, घड्याळ राहू दे पावन्यांकडंच, आमाला पायजे ती चौकशी झाली."