बाथरूमचा दिवा

डोंगरावरची आग खाली उतरायला लागली, तसा घरं रिकामी करायचा हुकूम सुटला. मी औषधं, कागदपत्रं आणि मांजर गाडीत कोंबली. नवरा हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि सासूबाई मात्र भर धुरात खोल्याखोल्यांतून फिरून दिवे बंद करत होत्या.

"घर जळायला आलंय आणि आईला दिव्यांचं पडलंय," नवरा करवादला.

"जळेल तेव्हा जळेल. तोवर उधळपट्टी कशाला?" त्या नाकाला रुमाल लावून मागे येऊन बसल्या.

कोपऱ्यावर गाडी वळताना त्यांनी विचारलं, "बाथरूमचा बंद केलास ना गं? रोज विसरतेस."

मी आजही विसरले होते. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी गाडी मागे फिरवायला लावली असती, आणि मागच्या रस्त्यावर आता ठिणग्या पडत होत्या.

"केला," मी म्हणाले.

परत यायची परवानगी मिळाली तेव्हा कुंपण जळून गेलं होतं, अंगण काळंठिक्कर पडलं होतं. घर मात्र उभं होतं. फाटकाशी अग्निशमन दलाचा एक जवान पाइप गुंडाळत होता.

"डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं हो," तो म्हणाला. "मागच्या खिडकीत दिवा दिसला, तेव्हा कळलं इथे घर आहे. म्हणून बंब इकडे वळवला."

सासूबाईंनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.



"बंद केला म्हणाली होतीस ना?"