नाव घे

खाडीच्या तोंडाशी नाव वाळूत रुतली, म्हणून तो उतरून ढकलू लागला. तेवढ्यात भरतीची लाट आली आणि नाव सुटली, आत बसलेल्या बायकोला एकटीला घेऊन. तो बुडत चाललेल्या वाळूवर राहिला.

दाट धुक्यात दोघं एकमेकांना दिसेनात. तिच्या एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला फुटणाऱ्या लाटा. वल्हवायचं कुठं? "अहो! अहो!" ती ओरडली. पण ती हाक म्हणजे नुसता वारा. लाटांच्या गाजेत विरून गेली.

मग धुक्यातून त्याचा आवाज आला. "नाव घे गो! नाव घे..." पुढचं गाजेत बुडालं.

लग्नात बायकांनी किती गळ घातली, तरी नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. आज तिनं छाती फुटेस्तोवर घेतलं. "दामोदर! दामोदर!"

ती ओरडत राहिली. त्या आवाजाच्या रोखानं तो पोहत आला. तिनं वल्हं पुढं केलं, त्याला वर ओढलं.

"वेडी की काय गो तू?" तो धापा टाकत म्हणाला. "नाव घे आणि जा, म्हणत होतो मी!"

"मग होडी म्हणायचंत की, अहो!"