शाळेसाठी कडकडीत बंद

पट कमी म्हणून गावातलं हायस्कूल बंद होणार, अशी बातमी आली आणि हिंदुराव पेटले. नात अंकिता नववीत. शाळा गेली तर मंद्रूपच्या शाळेत जायला धड एसटी नाही, म्हणजे गावातल्या निम्म्या पोरी घरीच बसणार. त्यांनी पारावर उभं राहून जाहीर करून टाकलं, निषेध म्हणून सोमवारी अख्खं गाव बंद!

सोमवारी सकाळी अंकिता दप्तर घेऊन निघाली, तर आजोबांनी दारातच अडवलं.

"आजोबा, शाळा तरी चालू ठेवा की."

"खुळी हायस व्हय? शाळंसाठी गाव बंद, आन् शाळाच उघडी? लोकं तोंडात शेण घालतील की!"

हेडमास्तर नको नको म्हणत असताना हिंदुरावांनी स्वतःच्या हातानं शाळेच्या फाटकाला कुलूप ठोकलं आणि चावी बंडीच्या खिशात टाकली.

दुपारी जिल्ह्याहून शिक्षण खात्याच्या साहेबांची जीप आली, तेव्हा गावात चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. हिंदुरावांची छाती फुगली. साहेबांना घेऊन ते थेट फाटकाशी गेले.

"बघा सायेब, गावाची एकी! शाळंकडं एक पोरगं फिरकलेलं न्हाय."

साहेबांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं. मोबाईलवर त्याचा नीट फोटो काढला.

"बरं झालं. मला एवढंच बघायला पाठवलं होतं, शाळेत पोरं येतात की नाही."