दोरावरचा शब्द

"नव्वद फूट!" माधवरावांनी हातातली पुरी श्रीखंडाच्या वाटीवर उभी धरली. "हा मी लोंबकळतोय. आणि खाली हा असा अंधार."

श्रीखंड केशरी होतं, पण कोणी हरकत घेतली नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींना ती बर्फातली भेग तोंडपाठ होती. २००३च्या ऑगस्टमध्ये माधवराव तिच्यात पडले तेव्हा ती तीस फूट होती. पाच वर्षांत ती घरबसल्या नव्वदवर गेली होती.

"हिमनद्या वितळतायत रे," त्यांचे जुने मित्र डॉक्टर सतीश गंभीरपणे म्हणाले. "भेगा खोल होणारच."

"तू गप. ऋजुता पहिल्यांदा ऐकतेय."

ऋजुता म्हणजे सतीशची नवी सून, जन्मानं इंग्लंडातल्याच स्लाऊची; मराठी जरा अडखळत बोलायची. तिनं मान डोलावली. माधवराव भूलतज्ज्ञ. हॉस्पिटलात जन्मभर लोकांना झोपवलं, पण ही गोष्ट सांगताना त्यांच्यासमोर कुणाची डुलकी घ्यायची छाती नव्हती. दरवर्षी त्या तारखेला ते चार माणसं जेवायला बोलवत. त्याला ते आपला दुसरा वाढदिवस म्हणत. पहिली वाटी आईच्या फोटोपुढे ठेवत, हात जोडत आणि मगच भेगेत उतरत.

"शामोनी ते झरमॅट. फ्रान्समधून स्वित्झर्लंडात. नुसत्या हिमनद्या आणि शिखरं, माणसाचं नाव नाही. दोराला पुढे गाईड आंद्रे, मध्ये आमची ही, प्रमोदिनी, मागे मी. बर्फ दिसायला घट्ट, आत पोकळ. पाय टाकला आणि गेलो! तोंडात इतका बर्फ, की हाक मारता येईना. वर हे दोघं पालथे पडून कुऱ्हाडी रोवून दोर धरून बसलेले. आंद्रेला वाटलं मी बेशुद्ध. खालचा पाय लावत नसेल तर ओढून उपयोग नाही, उलट तिघंही जाऊ, असं त्याचं म्हणणं. रेडिओवर मदत मागितली, तर धुक्यात हेलिकॉप्टर येईना."

"मग?"

"मग दोर सरकायला लागला. बोटबोट. वरून भुगा पडायचा आणि मला कळायचं, प्रमोदिनी कडेकडे ओढली जातेय. माझ्या वजनानं." इथे माधवराव दरवर्षी पाणी पीत. पेल्यात पाणी नसलं तरी पीत. "खिशात संत्री कापायची सुरी होती, इथल्याच बेलग्रेव्ह रोडवर घेतलेली. काढली. दोरावर टेकवली. म्हटलं, निदान निरोप तरी घ्यावा. थुंकलो सगळा बर्फ, आणि ओरडलो, 'प्रमोदिनी, येतो गं!'"

"येतो?" ऋजुतानं विचारलं. "पण तुम्ही तर जात होते ना?"

माधवरावांचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची ते वाट बघत असत.

"तिथेच तर गंमत आहे! आई म्हणायची, घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं. लहानपणी चुकून 'जातो' म्हटलं की परत आत बोलवायची, गुळाचा खडा द्यायची आणि मग सोडायची. ते इतकं मुरलेलं, की मरतानाही जीभ वळली नाही. आणि दोरावर 'येतो' म्हणजे काय? वेल्समध्ये चढाई शिकलो होतो ना आम्ही! खालचा चढायला लागला की हाक देतो, येतोय. यांना वाटलं, मी चढतोय! असा हिसका दिला म्हणतेस! सुरी हातातून सुटली, पाय भिंतीला लागले आणि मी बाहेर. सुरी अजून पडतेय खाली."

त्यांनी फोटोकडे बघून परत हात जोडले. डोळे खरोखर भरले होते. त्यात फुटांचा हिशेब नव्हता. "आईच्या एका शब्दानं वाचलो."

प्रमोदिनीबाई गरम पुऱ्या घेऊन आल्या. हे वाक्य त्या दरवर्षी पुऱ्या वाढत ऐकत.

"पण काका," ऋजुता म्हणाली, "गाईड तर फ्रेंच होती ना? त्याला मराठी कसं समजली?"

माधवरावांनी उचललेली पुरी परत पानात ठेवली. पाच वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीसुद्धा.

"त्यानं मला विचारलं, 'व्हॉट डिड ही से?'" प्रमोदिनीबाई सतीशच्या पानात पुरी ठेवत म्हणाल्या. "मी म्हटलं, 'ही इज कमिंग. पुल!'"

"म्हणजे तुला तसंच ऐकू आलं."

"अहो, इतकी वर्षं रोज सकाळी दारात ऐकतेय. निघतानाचा 'येतो' मला कळत नाही होय?"

माधवराव उठले. आईच्या फोटोपुढची वाटी त्यांनी उचलली, "आई, तू समजून घेशील" असं काहीतरी पुटपुटले आणि ती वाटी बायकोसमोर ठेवली. हात जोडायला गेले, तर प्रमोदिनीबाईंनी हात धरून त्यांना खाली बसवलं.

"पण शब्द तर आईचाच ना?" माधवराव चाचरत म्हणाले. "समज, मी 'जातो' म्हणालो असतो, तर?"

"तर काय? त्याला मराठी कुठे येत होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी तेच सांगितलं असतं. ही इज कमिंग."