सत्तावीस भोकांचा पोळपाट

"अरे, चाळणी केलीस की माझ्या पोळपाटाची!"

कणकेच्या हातांनी आई दारात उभी होती. पोळपाटाला सत्तावीस भोके पाडून झाली होती, आणि हातातले ड्रिल लपवायला त्याला जागा सापडेना. लॅपटॉप वीस मिनिटांत तापून बंद पडत होता. आतली धूळ काढली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, तरी मे महिन्यापुढे काही चालेना. आणि दुपारची नोकरीची ऑनलाइन परीक्षा दोन तासांची होती. पोळपाटाच्या तीन पायांमध्ये जुन्या कॉम्प्युटरचा पंखा नेमका बसला; भोकांतून वर ठेवलेल्या लॅपटॉपला वारा लागणार होता. आईला विचारायला हवे होते, पण कुणाला काही विचारणे त्याला जन्मात जमले नव्हते.

"माझ्या आईनं दिला होता तो," एवढेच ती म्हणाली. मग परात पालथी घालून तिने त्या दिवशीच्या पोळ्या लाटल्या.

लॅपटॉप शेवटच्या प्रश्नापर्यंत चालला. नोकरी मिळाली. पुण्याला निघताना त्याने नवा पोळपाट आणून ओट्यावर ठेवला, तेव्हा आईने जुना पुसून, पंख्यासकट त्याच्या बॅगेत घातला.

कंपनीने दिलेला लॅपटॉप तापतच नव्हता. आठवडाभर खानावळीत जेवल्यावर रविवारी त्याने पोळपाटाखालचा पंखा सोडवला, कणीक मळली आणि फोन लावला.

"आई, भोकांवर पोळी लाटता येते का गं?"

पलीकडे आई हसली.

"येते की. पीठ तेवढं जास्त लागेल."